कॉलमचं नाव वापरून लिहिलेला फॉर्म्युला गंडतोय? आधी हे तपासा

मी गावातल्या दोन-तीन दूध संकलन केंद्रांच्या, एका पतसंस्थेच्या आणि एका शाळेच्या शीट्स सांभाळते. म्हणजे बनवते कमी आणि बिघडल्यावर दुरुस्तच जास्त करते. त्यात एक भानगड दर दोन महिन्यांनी कुठून ना कुठून येतेच. फॉर्म्युल्यात सी2, डी2 असे पत्ते न लिहिता कॉलमचं नावच लिहिलेलं असतं, 'रक्कम', 'दर', 'ॲडव्हान्स' असं, आणि मग एक दिवस उत्तर भलतंच येतं. नाव लिहायची सवय वाईट नाही, उलट वाचायला फार सोपं जातं, पण ते नाव आपण शब्द म्हणून वाचतो आणि शीट मात्र एकेक अक्षर जुळवत बसते, सगळी गडबड तिथेच होते.

(सम, लेन, एक्झॅक्ट वगैरे फंक्शनांची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे लिहिलीत, तुम्ही अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाका.)

आधी लक्षणं. यातलं तुमचं कुठलं ते बघून ठेवा.

सेलमध्ये हॅश-नेम येतं, म्हणजे 'हे नाव ओळखीचं नाही' अशी एरर, कॉलमचं नाव डोळ्यांसमोर दिसत असूनही. किंवा हॅश-व्हॅल्यू येतं, तेही काही ओळींत, वरच्या ओळींत सगळं ठीक. किंवा एक्सेलमध्ये हॅश-स्पिल. किंवा बेरीज शून्य येते, एरर काहीच नाही. किंवा बेरीज येते पण थोडी कमी. किंवा फॉर्म्युला शेजारच्या कॉलममध्ये ओढला की 'दर'च्या जागी आपोआप 'फॅट' होतं. आणि सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे आकडा अगदी बरोबर वाटतो, कुणालाच शंका येत नाही, आणि तो चुकीचा असतो. एरर आली तर खुश व्हा, निदान कळलं तरी.

या शेवटच्या प्रकाराचा किस्सा सांगते म्हणजे बाकीचं का तपासायचं ते समजेल. एका केंद्रावर दहा दिवसांचं बिल लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये (एक्सेलसारखाच दुसरा प्रोग्रॅम) निघायचं. दर दहा दिवसांना नवी शीट, मे-1, मे-2, मे-3. फॉर्म्युला सोपा, ='रक्कम'-'ॲडव्हान्स'. तिथला मुलगा हा फॉर्म्युला एका नोटपॅड फाइलमध्ये ठेवायचा आणि नव्या शीटमध्ये तिथून पेस्ट करायचा. मे-2 च्या वेळी मालकांनी हेडिंगची ओळ व्हॉट्सॲपवर पाठवली, त्याने ती तशीच चिकटवली, लेबलची रेंज (म्हणजे कुठलं हेडिंग कुठल्या आकड्यांचं नाव ते) ठरवून दिली, फॉर्म्युला पेस्ट केला, आकडे आले, बिलं वाटली. दुसऱ्या दिवशी एक काका आले, म्हणाले मी या वेळी पाचशेच उचललेत, तुम्ही दीड हजार कापलेत. 112 लिटर, 36 रुपये दराने 4,032 झाले, त्यातून 500 जाऊन 3,532 हातात यायला हवे होते, आले 2,532. आणि दीड हजार हा आकडा कुठून आला तर तो मे-1 मधला त्यांचा ॲडव्हान्स होता! कॅल्क लेबल आधी चालू शीटमध्ये शोधतं, तिथे सापडलं नाही की गुपचूप दुसऱ्या शीट्सच्या लेबलांमध्ये शोधतं. मे-2 मध्ये त्याला ते सापडलं नाही, मे-1 मध्ये सापडलं, सभासदांचा क्रम दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे प्रत्येकाच्या ओळीत प्रत्येकाचाच जुना आकडा आला. कुणाला काय कळणार?

मे-2 मध्ये 'ॲडव्हान्स' होतं की, ढळढळीत. मग सापडलं का नाही, ते खाली येतंच.

फुकटातलं, दोन मिनिटांचं

फाइलची कॉपी करा. हो, आधी हेच. मूळ फाइलला हात लावायचा नाही, कारण दुरुस्त करता करता आपण अजून चार गोष्टी बदलतो आणि मग मूळ चूक कुठली आणि आपली कुठली ते कळत नाही.

फिल्टर लावलेला असेल तर काढा. मग ज्या कॉलमची बेरीज हवी त्यातले फक्त आकडे माउसने सिलेक्ट करा आणि खाली स्टेटस बारमध्ये सम किती दाखवतंय ते बघा. मला विचाराल तर ही एक तपासणी बाकीच्या निम्म्या तपासण्या वाचवते. स्टेटस बारचा आकडा आणि फॉर्म्युल्याचा आकडा वेगळा असेल तर फॉर्म्युला दुसरीकडेच कुठेतरी बघतोय, म्हणजे नावाची गडबड. दोन्ही सारखे असतील पण तुमच्या कॅल्क्युलेटरवरची बेरीज वेगळी असेल तर नावाचा काही दोष नाही, आकड्यांमध्येच घाण आहे. फिल्टर काढायला यासाठी सांगितलं की फिल्टर असताना स्टेटस बार फक्त दिसणाऱ्या ओळी मोजतो, आणि एक्सेलच्या टेबलची टोटल रो सुद्धा तेच करते, तिच्यात सबटोटल फंक्शन असतं. कित्येकदा तक्रार एवढीच निघते की टोटल रोज बदलते, आणि कुणीतरी फिल्टर लावून ठेवलेला असतो.

मग एफ9 दाबा. आकडा बदलला तर गणित मॅन्युअलवर अडकलंय. एक्सेलमध्ये जी फाइल आधी उघडता तिचा मोड पुढच्यांना लागतो, त्यामुळे दुसऱ्याच कुणाची तरी फाइल आधी उघडली म्हणून तुमची थंड पडते. कॅल्कमध्ये डेटा मेनूत कॅल्क्युलेट, तिथे ऑटोकॅल्क्युलेटवर टिक आहे का बघा, आणि जोरदार हिसका द्यायचा असेल तर कंट्रोल-शिफ्ट-एफ9.

आकडे खरंच आकडे आहेत का

कॅल्कमध्ये कंट्रोल-एफ8 दाबा. आकडे निळे होतात, फॉर्म्युले हिरवे, मजकूर काळा. रक्कमेच्या कॉलममध्ये मधेच काळं काही दिसलं की चोर सापडला. एक्सेलमध्ये शेजारच्या रिकाम्या कॉलममध्ये =इजनंबर(सी2) टाकून खाली ओढा, जिथे फॉल्स येईल तो सेल मजकूर आहे.

आपल्याकडे याचं कारण नव्वद टक्के वेळा एकच, "1200/-". पावतीवर लिहायची सवय शीटमध्ये पण येते. "रु. 500" तसंच. किंवा आकड्यानंतर एक स्पेस जी दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून कॉपी करताना आलीय. सम फंक्शन असा मजकूर मुकाट्याने वगळतं, एरर देत नाही, म्हणून बेरीज "थोडी कमी" येते. उपाय फाइंड-रिप्लेस करून /- उडवणे, आणि कॅल्कमध्ये त्यानंतर कॉलम सिलेक्ट करून डेटा मेनूतलं टेक्स्ट टू कॉलम्स एकदा चालवणे. रुपयाचं चिन्ह हवंच असेल तर ते सेलच्या फॉरमॅटमध्ये लावा, टाइप करू नका.

नाव, अक्षर न् अक्षर

आता मुख्य जागा. हॅश-नेम असेल, किंवा माझ्या किस्स्यासारखं भलत्या शीटचं उत्तर येत असेल तर हेडिंगच्या सेलला एक साधा प्रश्न विचारा, =लेन(ई1). ते किती अक्षरं आहे ते सांगतं. मग फॉर्म्युल्यातलं नाव कॉपी करून कुठल्यातरी रिकाम्या सेलमध्ये पेस्ट करा, त्याचाही लेन काढा. दोन आकडे वेगळे आले की झालं.

सगळ्यात सोपं कारण शेवटची स्पेस, 'रक्कम' आणि 'रक्कम ' . त्यानंतर हेडिंग दोन ओळींत मावावं म्हणून मधे मारलेला एंटर, कॅल्कमध्ये कंट्रोल-एंटर, एक्सेलमध्ये ऑल्ट-एंटर. दिसायला 'एकूण रक्कम', आत मात्र स्पेसच्या जागी ओळ तुटलेली. ट्रिम फंक्शनने साध्या स्पेसा जातात, पण वेबवरून किंवा पीडीएफवरून आलेली न तुटणारी स्पेस, कोड 160, ती ट्रिमला दाद देत नाही.

आणि मग आपल्या मराठीची खास कारणं, जी इंग्रजी ट्युटोरियलमध्ये तुम्हाला कुणीही सांगणार नाही.

'ॲडव्हान्स'मधला पहिला ॲ. काही कीबोर्डवर तो एकच अक्षर म्हणून येतो, काहींवर अ आणि त्यावर वेगळी चंद्राची मात्रा अशी दोन मिळून. दिसायला डिट्टो सारखं. पण लेन काढलात तर एकाचं 9 येतं, दुसऱ्याचं 10. =युनिकोड(ई1) टाकलंत तर पहिल्या अक्षराचा कोड मिळतो, एकसंध ॲ चा 2418 आणि नुसत्या अ चा 2309. केंद्रावरचा घोळ हाच होता. मालकांच्या मोबाइलने अ अधिक मात्रा पाठवली, मुलाच्या नोटपॅडमध्ये एकसंध ॲ होतं. दोघांचंही शुद्धलेखन बरोबर, तरी दोघांचं जमेना.

दुसरा तसाच प्रकार, 'शेतकऱ्याचे नाव'. यातलं ऱ्या दोन तऱ्हांनी टाइप होतं, एक म्हणजे ऱ हे वेगळं अक्षर घेऊन, आणि दुसरं म्हणजे साधा र, हलन्त, मग एक अदृश्य जोडणारं चिन्ह आणि मग या. त्या अदृश्य चिन्हाचा कोड 8205. पहिल्या पद्धतीत लेन 14, दुसऱ्यात 15. इथे शहाणपणा करून सबस्टिट्यूटने सगळीकडचा 8205 उडवू नका, मी एकदा केलं होतं, सगळ्या 'शेतकऱ्यां'वर रफार चढला आणि ते 'शेतकर्यां' झाले. हेडिंग पुन्हा हाताने टाइप करा आणि त्याच सेलमधून फॉर्म्युल्यात कॉपी करा, म्हणजे दोन्हीकडे एकच रूप राहतं.

नाव शोधायला मॅच किंवा एचलुकअप वापरत असाल तर अजून एक खोच. कॅल्कमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन (खुणांचा नमुना देऊन शोधायची सोय) चालू असेल तर 'दर (रु.)' या हेडिंगमधले कंस आणि टिंब हे अक्षर म्हणून धरलेच जात नाहीत, त्यांना वेगळा अर्थ लागतो आणि जुळणी फसते. हेडिंगमध्ये कंस ठेवूच नका, 'दर रु' लिहा, काही बिघडत नाही.

नाव आहे की पत्ता आहे

बेरीज शून्य आणि एरर नाही, असं असेल तर इंग्रजी हेडिंग बघा. जे-ए-एन-24, क्यू-टी-वाय-1, टी-ए-एक्स-2024 असली नावं लोक सर्रास ठेवतात. पण एक्सेलमध्ये 2007 पासून 16,384 कॉलम आहेत, शेवटचा एक्स-एफ-डी, म्हणजे जे-ए-एन हा एक खराखुरा कॉलम आहे आणि त्याची 24 वी ओळ हा खराखुरा सेल आहे. तो रिकामा. त्याची बेरीज शून्य, शीटचं काहीच चुकलं नाही. कॅल्कमध्ये आधी 1,024 च कॉलम होते म्हणून असली नावं खपून जायची, 2022 च्या 7.4 आवृत्तीपासून तिथेही 16,384 झाले, आणि जुन्या सवयीने नव्याने टाइप करणारे फसायला लागले. नुसतं 2024 हे हेडिंग तर त्याहून मजेशीर, =सम(2024) चं उत्तर 2024 येणार, दुसरं काय येणार!

सेटिंग आणि रेंज (फक्त कॅल्कवाल्यांसाठी)

टूल्स, ऑप्शन्स, लिब्रेऑफिस कॅल्क, कॅल्क्युलेट. तिथे "ऑटोमॅटिकली फाइंड कॉलम अँड रो लेबल्स" अशी एक टिक आहे. ती असेल तर शीटमधला कुठलाही मजकूर खालच्या कॉलमचं किंवा उजवीकडच्या ओळीचं नाव म्हणून चालतो. हे ओडीएस फाइलबरोबर, म्हणजे कॅल्कच्या स्वतःच्या फाइलबरोबर, सेव्ह होतं, म्हणून एका फाइलमध्ये चालतं आणि त्याच मशीनवर दुसऱ्या फाइलमध्ये हॅश-नेम. लोक मग सॉफ्टवेअर परत इन्स्टॉल करत बसतात. माझं मत विचाराल तर ही टिक बंदच बरी, कारण कुठलाही मजकूर म्हणजे कुठलाही, कोपऱ्यात कुणी 'रक्कम बघणे' ऐवजी नुसतं 'रक्कम' लिहून ठेवलं की तेही उमेदवार झालं.

त्यापेक्षा शीट मेनूतून नेम्ड रेंजेस अँड एक्स्प्रेशन्स, त्यात लेबल्स, तिथे हेडिंगची ओळ आणि त्याखालचा डेटा कुठून कुठपर्यंत ते स्वतः सांगा. यांना आपोआप सापडलेल्या नावांपेक्षा आधी मान मिळतो. फक्त एक लक्षात ठेवा, डेटाची रेंज तुम्ही 60 ओळींची दिलीत आणि 61 वा सभासद खाली जोडलात तर तो मोजलाच जात नाही. नवी ओळ मधे घाला, शेवटी नाही, किंवा रेंज आधीच 300 ओळींची द्या. काही ओळींतच हॅश-व्हॅल्यू येण्याचं कारणही हेच, ='दर'*'लिटर' लिहिलं की शीट स्वतःच्या ओळीतला दर आणि लिटर घेते, पण ती ओळच रेंजच्या बाहेर असेल तर घेणार कुठून? फॉर्म्युल्यात नाव लिहिताना एकेरी अवतरण चिन्हात लिहायची सवय ठेवा, विशेषतः नावात स्पेस असेल तर.

एक्सेलवाल्यांसाठी

एक्सेलमध्ये 97 सालच्या आवृत्तीत नुसतं हेडिंग लिहून फॉर्म्युला करायची सोय आली होती आणि 2007 मध्ये ती काढून टाकली. तेव्हा कॅल्कमधली लेबलवाली फाइल एक्सेलवाल्याला पाठवायची असेल तर साधे पत्तेच वापरा, हट्ट नको. आता एक्सेलमध्ये नावाने काम करायचं तर कंट्रोल-टी ने टेबल करायचं.

टेबल करताना एक्सेल गुपचूप काही गोष्टी करतं. दोन कॉलमांना 'रक्कम' हेच नाव असेल तर दुसऱ्याचं 'रक्कम2' करतं. रिकाम्या हेडिंगला कॉलम1 नाव देतं. मर्ज केलेली हेडिंगं फोडतं. त्यामुळे 'जमा' खाली रोख आणि बँक असं दुमजली हेडिंग असलेली शीट टेबल केली की नावांचा बट्ट्याबोळ. आधी हेडिंग एका ओळीत आणा, 'जमा रोख', 'जमा बँक', मग टेबल करा.

हॅश-स्पिल आलं तर चौकोनी कंसात नावाआधी ॲट-द-रेटचं चिन्ह टाकायचं राहून गेलंय. ते असेल तर या ओळीतला दर, नसेल तर अख्खा कॉलम, आणि नव्या एक्सेलमध्ये अख्खा कॉलम म्हणजे खाली सांडणारं उत्तर, जे टेबलच्या आत सांडता येत नाही. जुन्या एक्सेलने इथे काही न बोलता त्या ओळीतला आकडा उचलला असता.

ओढल्यावर नाव सरकतंय? फॉर्म्युला उजवीकडे कोपरा धरून ओढला तर सरकणारच, कॉपी-पेस्ट केला तर नाही सरकत. एवढाच फरक, पण तो कळायला मला एक अख्खा मार्च महिना लागला होता.

आणि कंट्रोल-एफ3 ने नेम मॅनेजर उघडा. एप्रिलची शीट कॉपी करून मे बनवली असेल तर एकाच नावाच्या दोन नोंदी दिसतील, एक पूर्ण फाइलसाठी, एक फक्त त्या शीटपुरती. त्या शीटवर तिची स्वतःची नोंद जिंकते. हटवण्याआधी कुठली कुठे बोट दाखवतेय ते बघून घ्या, घाईत चुकीची उडाली की सगळीकडे हॅश-नेम.

इथे थांबा

फाइलमध्ये मॅक्रो (आपोआप काम करणारे छोटे प्रोग्रॅम) असतील आणि ते तुम्ही लिहिलेले नसतील तर हेडिंगला हात लावू नका, मॅक्रो त्याच नावावर चालत असेल. ज्याने लिहिला त्याला बोलवा, तो सापडत नसेल तर मॅक्रोचं काम करणारा कुणी शोधा. पासवर्ड लावलेली शीट तोडायच्या फंदात पडू नका. फॉर्म्युल्यात दुसऱ्या फाइलचं नाव दिसत असेल आणि ती फाइल कुठे आहे कुणाला माहीत नसेल तरी थांबा, हॅश-रेफचा, म्हणजे संदर्भ तुटल्याच्या एररचा, पूर आला की परत फिरता येत नाही. आणि शीटमधला आकडा आधीच जीएसटी रिटर्न, टीडीएस, पीएफ किंवा ऑडिटमध्ये गेलेला असेल तर शीट दुरुस्त करण्याआधी सीएंना फोन करा. चूक शीटमधली असली तरी भरलेल्या आकड्याचं काय करायचं हे ठरवणं आपलं काम नाही. अर्धा दिवस घालवूनही स्टेटस बार आणि फॉर्म्युला जुळत नसतील, तर वरचं सगळं परत करू नका, फाइलची कॉपी, कुठला सेल, काय यायला हवं आणि काय येतंय एवढं एका कागदावर लिहून जाणकाराकडे द्या, त्याचा वेळ आणि तुमचे पैसे दोन्ही वाचतात.

केंद्रावरच्या त्या बिलाचं पुढे असं झालं की आम्ही मे-2 ची सगळी ओळन् ओळ साध्या पत्त्यांनी परत काढली, 23 जणांचा हिशोब चुकला होता, काहींना जास्तही गेले होते. काकांचे हजार मे-3 च्या बिलात जोडले. आता तो मुलगा नवी शीट रिकामी घेत नाही, एक कोरा नमुना ठेवलाय त्याची कॉपी काढतो, हेडिंगची ओळ लॉक आहे, आणि मालक व्हॉट्सॲपवर हेडिंग पाठवायला लागले की तो "मिळालं मालक" म्हणतो आणि चिकटवत काही नाही.